पगार १७ हजारांनी वाढला, तरी महिनाअखेरीला कमी पैसे का उरतात? शहर बदलण्याआधीचं गणित समजून घ्या

समजा, नागपूरची एक तरुणी आहे. वय २५, आई-वडिलांसोबत राहते, महिन्याला हातात ३८ हजार रुपये पगार येतो. एका आठवड्यात तिला दोन ऑफर येतात. पुण्यातली कंपनी ५५ हजार द्यायला तयार आहे, तर बेंगळुरूतली ६५ हजार. दोन्ही आकडे कपात होऊन हातात येणारे.

घरात पेढे वाटले जातात. काका म्हणतात, "पुणं बरं, आपलं गाव, आपली भाषा." मैत्रीण म्हणते, "१० हजार जास्त मिळतायत, बेंगळुरूला जा." नागपूर सोडायचं हे मात्र सगळ्यांनीच गृहीत धरलेलं असतं, कारण पगार तर दोन्हीकडे वाढतोय.

पण या तिन्ही शहरांत महिनाअखेरीला तिच्या हातात किती उरेल, हे कुणी मांडून पाहिलेलं नसतं. ते मांडलं की चित्र बरंच बदलतं.

आधी हे पाहू, इंटरनेटवरची तुलना कुठे चुकते?

शहर बदलायचं म्हटलं की पहिला सर्च असतो 'कॉस्ट ऑफ लिव्हिंग'. मग नंबिओसारखी वेबसाईट उघडते आणि अमुक शहर तमुक शहरापेक्षा इतके टक्के महाग, असं उत्तर मिळतं. या साईटवरचे बरेचसे दर लोकांनी स्वतः भरलेले असतात आणि न्यूयॉर्कला १०० धरून बाकी शहरांचा निर्देशांक काढलेला असतो. जिथून भरपूर लोक माहिती भरतात, तिथला अंदाज बरा येतो. छोट्या शहरांबाबत तो डळमळीत असतो.

दुसरी यादी बातम्यांमध्ये दिसते, ती मर्सर या सल्लागार कंपनीची. २०२४ च्या यादीत २२६ शहरं होती. त्यात मुंबई १३६ वी, बेंगळुरू १९५ वं आणि पुणे २०५ वं. ही यादी बनते ती कर्मचाऱ्यांना परदेशात पाठवणाऱ्या कंपन्यांसाठी. सिंगापूरहून पुण्यात येणाऱ्या मॅनेजरचा खर्च आणि कोथरूडमध्ये तिघींत फ्लॅट घेणाऱ्या मुलीचा खर्च, यांचा एकमेकांशी फार संबंध नाही.

तिसरा घोळ महागाईच्या आकड्यांचा. एखाद्या राज्यात महागाईचा दर जास्त आहे याचा अर्थ तिथे वस्तू महाग आहेत, असा होत नाही. हा दर त्याच ठिकाणच्या गेल्या वर्षीच्या किमतींशी केलेली तुलना सांगतो. स्वस्त शहरातही महागाई वेगाने वाढू शकते आणि महाग शहरात ती थंड असू शकते.

सरकार स्वतः शहरांमधला फरक कसा मोजतं?

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे एक्स, वाय आणि झेड असे तीन गट आहेत. ५० लाख आणि त्याहून जास्त लोकसंख्येची शहरं एक्समध्ये येतात. मुंबई, पुणे, बेंगळुरू, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, हैदराबाद आणि अहमदाबाद ही ती आठ शहरं. नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर, कोल्हापूर वायमध्ये आहेत. ५ लाखांपेक्षा कमी लोकसंख्येची ठिकाणं झेडमध्ये.

महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यानंतर २०२४ पासून हे दर मूळ वेतनाच्या ३०, २० आणि १० टक्के झाले. म्हणजे ५० हजार मूळ वेतन असलेल्या कर्मचाऱ्याची नागपूरहून पुण्याला बदली झाली, तर घरभाडे भत्ता १० हजारांवरून १५ हजार होतो. पुण्याला जा किंवा मुंबईला, सरकारच्या लेखी फरक तेवढाच. भाड्याची जाहिरात पाहिलेल्या कुणालाही कळेल की मुंबई आणि पुणे एका मापात बसत नाहीत.

खासगी नोकरीत तर असा ठरलेला तक्ताही नसतो. तिथे हिशोब स्वतःलाच करावा लागतो.

मग या तरुणीचा हिशोब कसा दिसतो?

खालचे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येकाचे वेगळे येतील, पद्धत मात्र हीच राहील.

नागपूर, पगार ३८ हजार:
- घरी देते: १०,०००
- गाडीचं पेट्रोल: २,५००
- मोबाईल, कपडे, बाहेरचं खाणं, इतर: ७,५००
- एकूण खर्च २०,०००, उरतात १८,०००

पुणे, पगार ५५ हजार. तिघींत टूबीएचके, भाडं ३० हजार:
- भाड्याचा वाटा: १०,०००
- लाईट, गॅस, वायफाय, सोसायटी: २,०००
- मेसचा डबा, नाश्ता, दूध: ६,५००
- प्रवास: ३,०००
- घरकामाच्या ताईंचा पगार: १,०००
- मोबाईल, कपडे, बाहेरचं खाणं, इतर: ७,५००
- वर्षभरातल्या नागपूरच्या फेऱ्या, महिन्याला सरासरी: १,५००
- घरी पाठवते: १०,०००
- एकूण खर्च ४१,५००, उरतात १३,५००

बेंगळुरू, पगार ६५ हजार. तिघींत टूबीएचके, भाडं ३९ हजार:
- भाड्याचा वाटा: १३,०००
- लाईट, गॅस, वायफाय, सोसायटी: २,०००
- जेवण, नाश्ता, दूध: ८,०००
- प्रवास: ३,५००
- घरकामाच्या ताईंचा पगार: १,५००
- मोबाईल, कपडे, बाहेरचं खाणं, इतर: ७,५००
- नागपूरच्या फेऱ्या: २,५००
- घरी पाठवते: १०,०००
- एकूण खर्च ४८,०००, उरतात १७,०००

म्हणजे पुण्यात पगार १७ हजारांनी वाढूनही शिल्लक साडेचार हजारांनी घटते. बेंगळुरूत २७ हजार जास्त मिळूनही ती नागपूरपेक्षा एक हजाराने मागेच राहते. नागपूरइतकीच शिल्लक हवी असेल तर तिला पुण्यात ५९,५०० आणि बेंगळुरूत ६६ हजार रुपये हातात यायला हवेत. ऑफरची बोलणी करताना हाच आकडा डोक्यात असायला हवा.

हा फरक नेमका आला कुठून?

तिन्ही तक्ते शेजारी ठेवले की लक्षात येतं, तेल, साखर किंवा शाम्पू यांच्यामुळे हा फरक पडलेला नाही. स्वतःवरचा ७,५०० रुपयांचा खर्च तिन्हीकडे सारखाच धरला आहे. नागपुरात भाडं शून्य होतं, स्वयंपाक आई करत होती, लाईटबिल बाबा भरत होते. ती घरी १० हजार देत होती, पण बदल्यात मिळणाऱ्या गोष्टींची बाजारातली किंमत पुण्यात भाडं, डबा, बिलं आणि घरकाम धरून साडेएकोणीस हजार निघते.

हीच तरुणी नागपुरातही आठ हजार भाडं आणि डब्याचा खर्च करून राहत असती, तर पुण्याची ऑफर फायद्याची ठरली असती. त्यामुळे मित्राला पुणं परवडलं म्हणून आपल्यालाही परवडेल, हे गृहीत धरता येत नाही. तो आधी कुठे आणि कसा राहत होता, हे विचारायला हवं.

कुटुंब घेऊन जाणाऱ्यांसाठी तर हिशोब आणखी बदलतो. भाडं तिघांत वाटलं जात नाही, शाळेची फी आणि बस वाढते, जोडीदाराची नोकरी सुटली तर एक पगार थेट कमी होतो. आजी-आजोबा मुलं सांभाळत असतील, तर नव्या शहरात पाळणाघराचा खर्च येतो.

पहिल्याच महिन्यात किती रोख लागते?

महिन्याचा हिशोब जमला तरी बरेच जण इथे अडकतात. पगार महिनाअखेरीला येतो, पैसे मात्र पहिल्या दिवसापासून लागतात.

पुण्यात साधारण दोन-तीन महिन्यांचं भाडं डिपॉझिट म्हणून मागितलं जातं. बेंगळुरूत पूर्वी दहा महिन्यांचं डिपॉझिट सर्रास घेतलं जायचं. आता अनेक ठिकाणी ते कमी झालंय, तरी पाच-सहा महिन्यांची मागणी नवी नाही. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांचं डिपॉझिट असं म्हटलंय, पण तो राज्यांनी स्वीकारला तरच लागू होतो.

वरच्या उदाहरणात पुण्याला दोन महिन्यांचं डिपॉझिट धरलं तर तिचा वाटा २० हजार. एजंटचं एक महिन्याचं कमिशन १० हजार, पहिलं भाडं १० हजार, गादी-शेगडी-बादलीसारखं सामान १० हजार, करार आणि प्रवास ३ हजार. एकूण ५३ हजार. बेंगळुरूत पाच महिन्यांच्या डिपॉझिटने तिचा वाटा ६५ हजार होतो. कमिशन आणि भाडं प्रत्येकी १३ हजार, सामान १० हजार, करार आणि प्रवास ४ हजार. एकूण १ लाख ५ हजार.

डिपॉझिट परत मिळतं, पण बेंगळुरूत घर सोडताना रंगकामाच्या नावाखाली महिनाभराचं भाडं कापून घेण्याची पद्धत आहे. करारात ते लिहिलेलं असतं, म्हणून सही करण्याआधी वाचायचं.

महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणं भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं १० टक्के दराने धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के लागतं. ३० हजार भाडं, ६० हजार डिपॉझिट आणि ११ महिन्यांच्या करारावर ते सुमारे ८४० रुपये होतं. शहरी भागात नोंदणी फी एक हजार. एजंट यासाठी भलतीच रक्कम सांगत असेल, तर त्याला हिशोब विचारता येतो.

राज्य बदललं की आणखी काय बदलतं?

बस आणि मेट्रो: पीएमपीच्या मासिक पासचा दर जून २०२५ मध्ये ९०० वरून १,५०० रुपये झाला. बेंगळुरू मेट्रोचं कमाल तिकीट फेब्रुवारी २०२५ मध्ये ६० वरून ९० रुपयांवर गेलं. कर्नाटकात जून २०२३ पासून शक्ती योजनेत महिलांना सरकारी साध्या बसचा प्रवास मोफत आहे, पण तो राज्यातल्या रहिवासी महिलांसाठी. नागपूरच्या पत्त्याचं आधार दाखवून तो मिळत नाही.

वीज: कर्नाटकच्या गृहज्योती योजनेत महिना २०० युनिटपर्यंत मर्यादेत वीज मोफत मिळते आणि भाडेकरूंनाही अर्ज करता येतो. शिवाय नागपूरचा उन्हाळा म्हणजे कूलर किंवा एसी आलाच, बेंगळुरूत अनेक घरं पंख्यावर भागवतात.

गाडी: नागपूरची दुचाकी पुण्यात बिनधास्त चालते. दुसऱ्या राज्यात मात्र १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली, तर तिथली नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी आणि नव्या राज्याचा रोड टॅक्स लागतो. जुन्या गाडीचा टॅक्स भरण्यापेक्षा ती घरीच ठेवणं कधी कधी स्वस्त पडतं.

टॅक्स: घरभाड्यावर आयकरात सवलत मिळते ती फक्त जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत ती नाही. मात्र २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत पगारदारांना पावणेतेरा लाखांपर्यंतच्या वार्षिक पगारावर कर लागत नाही. या पगारगटात शहर बदलल्याने आयकरात फारसा फरक पडत नाही. व्यवसाय कराची कमाल मर्यादा देशभर वर्षाला अडीच हजारच आहे.

मुंबईचं गणित वेगळं का?

मुंबईत भाडं आणि वेळ यांची अदलाबदल होते. ऑफिस अंधेरीत आणि घर बदलापुरात घेतलं तर भाडं एकदम खाली येतं, लोकलचा पासही इतर शहरांतल्या प्रवासापेक्षा स्वस्त. पण दिवसाचे तीन-चार तास रेल्वेत जातात. रोज तीन तास धरले आणि महिन्याला २२ दिवस, तर ६६ तास होतात. म्हणजे आठ तासांच्या कामाचे आठ दिवस. त्या वेळेची किंमत स्वतःसाठी किती, हे ज्याचं त्यानेच ठरवायचं.

इथे 'हेवी डिपॉझिट' हाही प्रकार आहे. काही लाख एकदम द्यायचे आणि भाडं अगदी कमी किंवा शून्य. ऐकायला छान वाटतं, पण तेवढी रक्कम अडकते आणि घरमालक वेळेत परत देईल का, ही जोखीम राहते. नोंदणीकृत करारात पूर्ण रक्कम लिहिलेली नसेल, तर या वाटेला न गेलेलं बरं.

हो म्हणण्याआधी काय विचारायचं?

- सीटीसी नको, हातात येणारा आकडा लेखी मागायचा. सीटीसीमध्ये कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी आणि न मिळालेला बोनसही धरलेला असतो.
- ऑफिस नेमकं कुठे आहे आणि आठवड्यातून किती दिवस जायचंय? त्यावरून घराचा परिसर ठरतो.
- शहर बदलण्याचा भत्ता मिळेल का? वर्षभरात नोकरी सोडली तर तो परत घेतला जातो का?
- पहिले १०-१५ दिवस राहण्याची सोय कंपनी करते का? ती असेल तर घाईत घर घ्यावं लागत नाही.
- पहिली पगारवाढ कधी? ऑक्टोबरनंतर रुजू होणाऱ्यांना एप्रिलची वाढ नाकारली जाते का?

त्या तरुणीच्या हिशोबात पुण्याची ऑफर आजच्या घडीला तोट्याची दिसते, बेंगळुरूची जवळपास बरोबरीची. याचा अर्थ तिने नागपुरातच थांबावं असा नाही. तिच्या क्षेत्रात नागपुरात पुढची नोकरी मिळणं अवघड असेल आणि मोठ्या शहरात दोन वर्षांत पगार वाढणार असेल, तर पहिल्या वर्षीची कमी शिल्लक ती मान्य करू शकते. फक्त घरी पाठवायचे १० हजार कुठल्या महिन्यात अडणार नाहीत ना, हे तिने आधी तपासायला हवं. पुण्याच्या कंपनीने साडेचार हजार वाढवून दिले, तर तोही प्रश्न सुटतो. एवढं मागायला तिच्याकडे आता खर्चाचा तक्ता आहे.