आधी हात बोलतात

दोन वर्षांपूर्वीच्या रमजान ईदची गोष्ट. मुलगी तेरा महिन्यांच्या नातवाला घेऊन घरी आली होती. सोबत विहीणबाईही होत्या. मुलीनं बाळाला दोन चमचे शीरखुर्मा भरवला आणि वाटी बाजूला ठेवली. पोरानं दोन्ही हातांच्या बोटांची टोकं जुळवली आणि एकमेकांवर टपटप आपटली. ‘‘आणखी मागतोय,’’ मुलगी हसून म्हणाली आणि तिनं तिसरा चमचा भरवला. विहीणबाईंना हे काही पटलं नाही. ‘‘हातांनीच काम भागलं, तर हा बोलेल कशाला? जीभ आळशी होईल त्याची!’’

समोर माझी धाकटी बहीण मुन्नी बसली होती. ती जन्मापासून कर्णबधिर. वाक्य तिला ऐकू आलं नाही, पण पन्नास वर्षं ती माणसांचे चेहरे वाचत आली आहे. तिनं मान खाली घातली.

विहीणबाईंचा प्रश्न मात्र चुकीचा नव्हता. कुठल्याही आजीला पडावा असाच तो होता. मी मराठी घेऊन बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस; भाषाशास्त्रज्ञ नव्हे. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. मग वाचलं, जाणकारांना विचारलं. त्यातून जे हाती लागलं, ते आज सांगतो.

मूल बोलण्याच्या कितीतरी आधी समजू लागतं. आठ-नऊ महिन्यांच्या बाळाला ‘दूध’, ‘बाबा’, ‘चल’ असे शब्द ओळखता येतात. पहिला शब्द साधारण वर्षाच्या आसपास येतो, आणि दोन शब्द जोडायला दीड-दोन वर्षं लागतात. कारण बोलणं हे फार नाजूक काम आहे. जीभ, ओठ, टाळू आणि श्वास यांचा मेळ बसावा लागतो. हात त्यामानानं लवकर ताब्यात येतात. मधल्या काळात बाळाला सांगायचं पुष्कळ असतं आणि सांगता काहीच येत नाही. मग रडणं, आदळआपट.

या मधल्या काळासाठी बाळाला चार खुणा शिकवाव्यात, ही कल्पना अमेरिकेत रुजली. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मानसशास्त्रज्ञ लिंडा अ‍ॅक्रेडोलो यांच्या लक्षात आलं, की त्यांची वर्षभराची मुलगी फूल दिसलं की नाक फेंदारून वास घेतल्यासारखं करते. कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. तिनं ‘फूल’ या शब्दाच्या जागी तो हावभाव ठेवला होता. त्यांनी सुसान गुडविन यांच्यासह यावर संशोधन केलं आणि १९९६ मध्ये दोघींचं ‘बेबी साइन्स’ हे पुस्तक आलं. जोसेफ गार्सिया यांनी अमेरिकन सांकेतिक भाषेतल्याच खुणा बाळांना शिकवण्याचा पुरस्कार केला. कर्णबधिर आईबापांची ऐकू येणारी मुलं लवकर खुणा करू लागतात, हे त्यांनी पाहिलं होतं.

आपल्याला यात नवल वाटायला नको. आमच्या घरात बाळ बसू लागलं की ‘सलाम कर’ म्हणतात आणि त्याचा चिमुकला हात कपाळाला लावतात. शेजारच्या घरात ‘बाप्पाला जय कर’ म्हणून दोन्ही हात जोडायला शिकवतात. टाटा आहे, टाळ्या आहेत, ‘संपलं’ म्हणून दाखवलेले रिकामे तळवे आहेत. या खुणा शिकून आजवर कुणाची जीभ आळशी झाली नाही.

पण खुणांमुळे मूल लवकर बोलतं, हुशार होतं, असे दावेही केले जातात. त्यांच्याबाबत सावध राहावं. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर विद्यापीठातल्या एलिझाबेथ कर्क आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. चाळीस बाळांना त्यांनी आठव्या महिन्यापासून विसाव्या महिन्यापर्यंत पाहिलं. खुणा शिकलेल्या बाळांची भाषा पुढे गेली नाही, तशी मागेही पडली नाही. फरक दिसला तो आयांमध्ये. खुणा वापरणाऱ्या आया बाळाच्या न बोललेल्या इशाऱ्यांना अधिक प्रतिसाद देत होत्या. त्याला काय हवंय, काय वाटतंय, याचा विचार करत होत्या. मला वाटतं, हा लाभ काही लहान नाही.

शिकवायचं कसं? सहा ते आठ महिन्यांपासून सुरुवात करता येते. तीन-चारच खुणा घ्याव्यात, रोज लागणाऱ्या. ‘दूध’साठी मूठ उघडायची-मिटायची. ‘जेवण’साठी बोटं ओठांशी न्यायची. ‘आणखी’ तर नातवानं दाखवलंच. वस्तू समोर असताना, बाळ आपल्याकडे बघत असताना खूण करायची आणि प्रत्येक वेळी शब्दही तोंडानं म्हणायचा. घरातल्या सगळ्यांनी तीच खूण वापरावी. बाळाकडून उत्तर यायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. त्याची खूण वेडीवाकडी असली तरी मानून घ्यावी. आणि खूण केल्याशिवाय दूध नाही, असं मात्र कधीही करू नये.

आता मुन्नीबद्दल. ती तीन वर्षांची होईतो तिला ऐकू येत नाही, हे आम्हाला कळलंच नव्हतं. ‘उशिरा बोलेल,’ असं सगळे म्हणत राहिले. दरम्यान अम्मी आणि ती यांनी आपसांत खुणा बनवल्या होत्या. मिशीवर बोट म्हणजे अब्बा. नाकातली चमकी म्हणजे नानी. माझ्या भुवईवर लहानपणीच्या पडण्याचा व्रण आहे. भुवईवर बोट फिरवलं की मी. पुढे ती शाळेत गेली. तिथे ओठ वाचून बोलायला शिकवत आणि हात हलले की छडी बसे. हात मांडीखाली दाबून बसायला लावत. त्या शाळेचा एकटीचा दोष नव्हता. खुणा केल्या तर मूल बोलणार नाही, हा समज तेव्हा जगभर होता. १८८० मध्ये मिलान इथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेनं तसा ठरावच केला होता. मुन्नी काही मोजके शब्द बोलायला शिकली. पण मनातलं सांगायला तिला पुरेशी भाषा मिळाली ती तरुणपणी, इतर कर्णबधिरांमध्ये मिसळल्यावर.

बाळाच्या चार खुणा आणि सांकेतिक भाषा यांत हाच फरक आहे. पहिली तात्पुरती सोय. दुसरी पूर्ण भाषा, स्वतःचं व्याकरण असलेली. भारतीय सांकेतिक भाषेत प्रश्नाची खूण वाक्याच्या शेवटी येते. चेहरा आणि भुवयाही व्याकरणाचं काम करतात. १९९१ मध्ये लॉरा पेटिटो आणि पॉला मॅरेंटेट यांनी दाखवून दिलं, की कर्णबधिर आईबापांची कर्णबधिर बाळं हातांनी बोबडं बोलतात, जशी इतर बाळं तोंडानं बोलतात. दिल्लीत २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषेसाठी केंद्र स्थापन झालं. त्याचा शब्दकोश २०१८ मध्ये तीन हजार शब्दांचा होता, २०२१ मध्ये दहा हजारांचा झाला. मुन्नीच्या लहानपणी यातलं काहीच नव्हतं.

म्हणून मंडळी, एक विनंती. बाळ आवाजाकडे वळत नसेल, हाकेला दाद देत नसेल, वर्षाचं झालं तरी बोबडे आवाज काढत नसेल, तर वाट बघू नका. कानांची तपासणी नवजात बाळाचीही करता येते. ती दुखत नाही आणि काही मिनिटांत होते. त्यात दोष निघाला तर यंत्र, शस्त्रक्रिया, जे उपाय असतील ते जरूर करा. पण त्याचबरोबर बाळाच्या हातांनाही भाषा द्या. बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या घरातच जन्मतात. तिथे खुणा आधी घरच्यांनाच शिकाव्या लागतात.

नातू आता तीन वर्षांचा आहे. घरात दखनी, दारात मराठी, आणि दोन्हींत अखंड बडबड. विहीणबाईच आता ‘जरा गप्प बस रे’ म्हणतात. त्याच्या बाळपणीच्या खुणा कधीच गळून गेल्या. पण मुन्नी समोर आली, की त्याचं तोंड थांबतं आणि हात सुरू होतात. हे त्याला कुणी सांगितलं नाही. परवा तिनं विचारलं, नाना कुठे? त्यानं भुवईवर बोट फिरवलं आणि माझ्या खोलीकडे दाखवलं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)