रुग्णसेवेतील इजा आणि भरपाईचा हक्क

प्रास्ताविक

या घटकात आपण कायद्याच्या भाषेतील काही शब्दांचा परिचय करून घेणार आहोत. ते शब्द न कळल्याने एखाद्या कुटुंबाचा हक्क बुडू शकतो, म्हणून हा परिचय महत्त्वाचा आहे. मेळघाटातील धारणी-चिखलदऱ्याचा रुग्ण अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात येतो, बाळंतीण डफरीनमध्ये येते, अकोला जिल्ह्यातील रुग्ण सर्वोपचार रुग्णालय किंवा लेडी हार्डिंग गाठतो. या रुग्णालयांचा भार परिचारिका, कक्षसेवक, सफाई कामगार, सुरक्षारक्षक आणि निवासी डॉक्टर वाहतात. कर्तव्यावर असताना रुग्णाच्याच हातून त्यांना इजा झाली तर त्यांचा हक्क कोणता, हा आपला विषय आहे.

ही भीती काल्पनिक नाही. जानेवारी २०२३ मध्ये यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात उपचार घेणाऱ्या रुग्णाने निवासी डॉक्टरवर चाकूने हल्ला केला. त्याच वर्षी १० मे रोजी केरळमधील कोट्टारक्करा येथील तालुका रुग्णालयात, उपचारासाठी आणलेल्या इसमाच्या हल्ल्यात एका तरुण डॉक्टरचा मृत्यू झाला. अशा घटनांनंतर शिक्षेची चर्चा होते, सुरक्षेची होते. जखमीच्या पुढच्या चाळीस वर्षांची चर्चा मात्र क्वचितच होते.

एक कल्पित उदाहरण

असे समजा, की एका सरकारी रुग्णालयात रात्रपाळी चालू आहे. दारू अचानक सुटल्यामुळे भ्रमात गेलेला रुग्ण खाटेवरून उठतो आणि सलाईनचा लोखंडी स्टँड फिरवतो. त्याला आवरायला गेलेल्या कक्षसेवकाच्या उजव्या हाताचा अंगठा चेचला जातो आणि पुढे तो काढावा लागतो. सकाळी रुग्ण शुद्धीवर येतो तेव्हा त्याला काहीच आठवत नाही. सहकारी समजूत घालतात, "जाऊ द्या नं भाऊ, पेशंट आहे थो." कक्षसेवकही मोठ्या मनाने गप्प बसतो. घटना कोठेच नोंदवली जात नाही.

त्याची करुणा योग्यच आहे, पण गप्प बसणे चूक आहे. यामागे दोन वेगळ्या प्रश्नांची गल्लत आहे.

दोष आणि भरपाई

पहिला प्रश्न गुन्ह्याचा आहे. गुन्हा ठरण्यासाठी करणाऱ्याची मनःस्थिती पाहिली जाते. मनोविकल अवस्थेमुळे आपण काय करतो आहोत हेच ज्याला कळत नाही, त्याचे कृत्य भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ नुसार गुन्हा ठरत नाही. ही तरतूद पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ मध्ये होती.

दुसरा प्रश्न भरपाईचा आहे. तेथे रुग्णाची मनःस्थिती गौण असते. इजा नोकरीच्या ओघात झाली का आणि ती नोकरीमुळे उद्भवली का, एवढेच विचारले जाते. 'ओघात' हा शब्द वेळ आणि स्थळ सांगतो, 'मुळे' हे शब्दयोगी अव्यय कार्यकारणसंबंध सांगते. आपल्या उदाहरणात दोन्ही अटी पूर्ण होतात. हे तत्त्व १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमाने आपल्याकडे आणले. कारखान्यातील यंत्राचा दोष सिद्ध न करताही मजुराला भरपाई मिळावी, हा त्याचा गाभा होता. म्हणून इजेची नोंद करणे म्हणजे रुग्णाविरुद्ध तक्रार करणे नव्हे. रुग्णाला क्षमा करूनही भरपाई मागता येते.

नोकरीचा प्रकार आणि हक्काचे दार

एकाच कक्षात, एकाच रात्री, एकाच स्टँडने जखमी झालेल्या दोघांचे हक्क सारखे नसतात. ते कोण कोणाचा नोकर आहे यावर ठरतात.

(अ) शासनाचा कायम कर्मचारी : महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये विशेष विकलांगता रजेची तरतूद आहे. कर्तव्य बजावताना किंवा पदामुळे हेतुपुरस्सर केलेल्या इजेला ती लागू होते आणि अपघाती इजेसाठीही वेगळा नियम आहे. या रजेची मर्यादा २४ महिने आहे. अपंगत्व कायमचे राहिले तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम २० मदतीला येते. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापना काढून टाकू शकत नाही किंवा खालच्या पदावर नेऊ शकत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते. मृत्यू झाल्यास कुटुंब निवृत्तिवेतन, मृत्यू उपदान आणि गट क व ड मध्ये अनुकंपा नियुक्ती हे मार्ग आहेत. नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांना कुटुंब निवृत्तिवेतनाचा पर्याय ३१ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने खुला झाला.

(आ) कंत्राटदारामार्फत आलेला कर्मचारी : सफाई, सुरक्षा आणि कक्षसेवा या कामांवर असे अनेक जण असतात. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या आणि कर्मचारी राज्य विमा योजनेत नाव असलेल्या कामगाराला कामातील इजेसाठी वेतनाच्या सुमारे ९० टक्के दराने लाभ मिळतो. आपल्या कक्षसेवकाची सरासरी रोजची मजुरी ४०० रुपये धरू. तिचे ९० टक्के म्हणजे ३६० रुपये. तो ४० दिवस कामावर जाऊ शकला नाही, तर १४,४०० रुपये मिळतील. अंगठा गमावल्यास अनुसूचीनुसार कमाईक्षमतेची हानी ३० टक्के मानली जाते. त्यामुळे पुढे ३६० च्या ३० टक्के, म्हणजे रोज १०८ रुपये, महिन्याला सुमारे ३,२४० रुपये आजन्म मिळतील. तो पुन्हा कामावर रुजू झाला तरी हा लाभ थांबत नाही. मृत्यू झाल्यास विधवा पत्नी व मुलांना आश्रितजन लाभ मिळतो.

(इ) विमा योजनेबाहेरचा, पण कायद्याच्या अनुसूचीतील काम करणारा कर्मचारी : येथे १९२३ च्या अधिनियमाचे गणित लागते. मृत्यूसाठी मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. वय ३५ असल्यास गुणक १९७.०६ आहे. वेतन १२,००० असेल तर ६,००० गुणिले १९७.०६, म्हणजे ११,८२,३६० रुपये. संपूर्ण कायम अपंगत्वासाठी निम्म्याऐवजी ६० टक्के वेतन धरतात. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिने विमा योजना आणि नुकसानभरपाई या दोन्ही विषयांचे जुने कायदे आपल्यात सामावून घेतले, हिशेबाचा सांगाडा मात्र तोच ठेवला.

इजा नेहमी रक्ताची किंवा हाडाची असते असेही नाही. रुग्णाने हात झटकल्याने वापरलेली सुई परिचारिकेच्या बोटात शिरते. आरोग्यसेवेत संसर्गाचा विशेष धोका असल्याने तेथे जडलेला संसर्गजन्य रोग कायदा व्यवसायजन्य रोग मानतो. एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते. त्याच वेळी केलेली नोंद आणि रक्ततपासणी पुढे पुरावा ठरते.

कायद्यातील उणीव

डॉक्टर आणि रुग्णालयांवरील हल्ल्यांसाठी महाराष्ट्रात २०१० चा स्वतंत्र अधिनियम आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. मोडलेल्या उपकरणाच्या खरेदी किमतीच्या दुप्पट भरपाई हल्लेखोराकडून घेता येते. म्हणजे फुटलेल्या यंत्राचा हिशेब तेथे आहे, मोडलेल्या मनगटाचा तसा नाही. साथरोग अधिनियमात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीने आरोग्य कर्मचाऱ्याच्या शारीरिक इजेसाठीही दोषीकडून भरपाईची तरतूद केली. पण ती साथीच्या काळापुरती आहे, आणि दोषी ठरलेल्याकडूनच मिळते. भ्रमातील गरीब रुग्णाकडून काय मिळणार? म्हणूनच मालकावर किंवा विमा योजनेवर असलेली जबाबदारी महत्त्वाची ठरते.

येथे 'सानुग्रह' आणि 'नुकसानभरपाई' यांतील फरक ध्यानात घ्या. सानुग्रह अनुदान हे नावाप्रमाणे अनुग्रहाने मिळते. घटना गाजली तर ते जाहीर होते, गाजली नाही तर राहूनही जाते. नुकसानभरपाई हा हक्क आहे. ती वर्तमानपत्रातील मथळ्याची वाट पाहत नाही.

नोंदीची भाषा

हक्क सिद्ध होतो तो लेखी शब्दांनी. "रात्री रुग्णाने मारले" हे वाक्य पुरेसे नाही. नोंद अशी असावी : "दि. ... रोजी रात्री २.१५ वाजता, कक्ष क्र. ... मध्ये कर्तव्यावर असताना, भ्रमावस्थेतील रुग्णास आवरत असता सलाईन स्टँडचा आघात होऊन माझ्या उजव्या अंगठ्यास इजा झाली. त्या वेळी ... हे उपस्थित होते." यात वेळ, स्थळ, कर्तव्य, कारण, इजा आणि साक्षीदार आले, रुग्णाला मात्र एकही दूषण दिलेले नाही. ही नोंद अपघात नोंदवहीत करावी, वरिष्ठांना दिलेल्या अर्जाची पोच घ्यावी, त्याच दिवशी तपासणी करून कागद जपावेत. कंत्राटी कामगाराने आपला विमा क्रमांक घरच्यांनाही सांगून ठेवावा.

समारोप

रुग्णाला दोष न देणे ही सेवेची सभ्यता आहे. सेवकाला त्याच्या इजेसह एकटे न सोडणे ही समाजाची सभ्यता आहे. या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. 'नोकरीच्या ओघात' आणि 'नोकरीमुळे' यांतील अर्थभेद स्वतःच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

२. सरासरी रोजची मजुरी ५०० रुपये आणि कमाईक्षमतेची हानी ४० टक्के असल्यास विमा योजनेतून मिळणारा रोजचा कायम अपंगत्व लाभ काढा.

३. सुई टोचलेल्या परिचारिकेच्या वतीने घटनेची नोंद सहा ओळींत लिहा.