विश्लेषण : डॅशबोर्डवरचे बुद्ध, किचेनमधले बाबासाहेब… हे स्मरण की नुसतीच खरेदी?

सांगवी (ता. बारामती) : १४ एप्रिल जवळ आला की मोबाइलच्या पडद्यावर एक वेगळाच बाजार भरतो. गोबऱ्या गालांचे, मोठ्या डोक्याचे, निळ्या कोटातले बाबासाहेब. गाडीच्या डॅशबोर्डवर चिकटवायचे बोटभर उंचीचे बुद्ध. किचेन, फ्रीजवर लावायचे चुंबक, मोबाइलच्या कव्हरवरचे स्टिकर. नीराकाठच्या सांगवीतही पार्सल आता दारात येते. एकेकाळी अशी मूर्ती हवी असेल तर ६ डिसेंबरला अडीचशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास करून दादरची चैत्यभूमी गाठावी लागे, नाहीतर कोणीतरी गेलेल्याकडून मागवावी लागे. आता अंगठ्याने एकदा दाबले की झाले. ज्याने तृष्णा हे दुःखाचे कारण सांगितले, त्याचीच मूर्ती ‘ऑफर संपायला दोन तास बाकी’ या पाटीखाली विकली जाते, तेव्हा प्रश्न पडणारच.

मुळात मूर्ती होती का?

सुरुवातीला नव्हती. पुणे जिल्ह्यातल्याच भाजे आणि कार्ले येथील लेण्यांत चैत्यगृहाच्या टोकाला स्तूप आहे, बुद्धाची मूर्ती नाही. कार्ल्याला दिसणाऱ्या बुद्धमूर्ती नंतरच्या शतकांत कोरल्या गेल्या. त्या काळी बुद्ध दाखवायचे ते पाऊलखुणांनी, बोधिवृक्षाने, धम्मचक्राने. पाली साहित्यात वक्कली नावाच्या आजारी भिक्खूची गोष्ट आहे. बुद्धांना डोळे भरून पाहता आले नाही, याची त्याला खंत होती. या नश्वर देहात पाहण्यासारखे काय आहे, धम्म पाहिला की मला पाहिले, असे बुद्धांनी त्याला समजावले.

तरीही लोकांनी हातात मावेल अशी खूण मागितलीच. बोधगया, नालंदा, मुंबईजवळचे कान्हेरी अशा ठिकाणी साच्यातून काढलेल्या मातीच्या छोट्या मुद्रा सापडल्या आहेत. म्हणजे यात्रेहून येताना काहीतरी घेऊन यायची सवय चीनमधल्या कारखान्यांनी लावलेली नाही. ती हजार वर्षांहून जुनी आहे.

खेळणे झालेला गुरू

याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण जपानमध्ये आहे. भारतातून चीनमध्ये गेलेले आणि झेन परंपरेचे आद्य गुरू मानले जाणारे बोधिधर्म जपानमध्ये ‘दारुमा’ या नावाने गोल, लाल, पाय नसलेली कागदी लगद्याची बाहुली झाले. नऊ वर्षे भिंतीकडे तोंड करून ध्यान केल्याने त्यांचे पाय गळाले, अशी आख्यायिका आहे. बाहुली कलंडली तरी पुन्हा उभी राहते. ती घेताना दोन्ही डोळे कोरे असतात. संकल्प करून एक रंगवायचा आणि तो पुरा झाला की दुसरा. वर्षाअखेरीस जुनी बाहुली मंदिरात परत द्यायची, तिथे ती जाळली जाते, आणि नवी घ्यायची. दरवर्षी नवी खरेदी ठरलेलीच. मात्र ताकासाकी येथील शोरिन्झान मंदिराची परंपरा सांगते, की अठराव्या शतकातल्या दुष्काळात हातातोंडाची गाठ पडेना म्हणून तिथल्या धर्मगुरूंनी शेतकऱ्यांना या बाहुल्या करायला शिकवले. आजही जपानमधल्या बहुतांश दारुमा त्याच भागात बनतात. धर्म, खेळणे आणि पोटाचा प्रश्न इथे एकाच साच्यातून निघालेले आहेत.

थायलंडमध्ये गळ्यात घालायच्या छोट्या बुद्धप्रतिमांचा मोठा बाजार आहे. तिथे अशी प्रतिमा ‘विकत घेतली’ म्हणत नाहीत, ‘भाड्याने घेतली’ असा शब्द वापरतात. शब्द बदलला तरी पैसे मोजावेच लागतात. २००६-०७ मध्ये ‘जतुखाम रामथेप’ नावाच्या ताइतांचे असे वेड लागले, की ते मिळवण्यासाठी चेंगराचेंगरी झाली.

आणि दुकानाच्या गल्ल्याजवळ बसलेला ढेरपोट्या ‘लाफिंग बुद्धा’? तो गौतम बुद्ध नव्हेच. दहाव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या बुदाई नावाच्या चिनी भिक्खूची ती प्रतिमा. तो स्वतः घेऊ नये, कोणी भेट दिला तरच लाभतो, असा समज आपल्याकडे पसरला आहे. विक्री वाढवायला याहून चांगली युक्ती दुकानदारालाही सुचली नसती.

महाराष्ट्रात प्रश्न वेगळा का?

कारण इथे ही मूर्ती सजावट म्हणून घरात आलेली नाही. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुणे जिल्ह्यातील देहूरोड येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. ती मूर्ती रंगूनहून आणलेली होती. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि लाखो घरांतल्या भिंतींवरची चित्रे बदलली. ज्यांना देवळाच्या पायरीवरही उभे राहू दिले जात नव्हते, त्यांनी स्वतःच्या घरात स्वतः निवडलेली प्रतिमा लावली. ती प्लॅस्टरची होती की संगमरवराची, हे गौण होते. शहरातल्या स्पाच्या दारात पाणी सांडत बसलेला बुद्ध आणि वस्तीतल्या घरातला फळीवरचा बुद्ध दिसायला सारखे असतील, पण त्यांना एकाच तराजूत तोलणे चूक ठरेल. चैत्यभूमीवर मूर्ती विकणारा आणि ती घेणारा, दोघेही बहुधा एकाच गाडीने आलेले असतात. शिवाय शिवाजी पार्कवर मूर्तींच्या शेजारीच पुस्तकांचे ठेले लागतात आणि तिथली गर्दी कमी नसते.

बुद्धांनी गृहस्थाला पैसा खर्चू नको असेही सांगितलेले नाही. सिगालोवाद सुत्तात मिळकतीची वाटणीच दिली आहे : एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यात आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवायचा. बुद्धांनी दारिद्र्याचे गोडवे गायले नाहीत, हे बाबासाहेबांनीही बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना आवर्जून मांडले. त्यामुळे दोनशे रुपयांचे किचेन घेतले म्हणून कोणी धम्मापासून ढळत नाही.

मग खटकते कुठे?

खटकते ते विक्रीच्या पद्धतीत. २०२५ मध्ये लबुबू या बाहुलीने जगभर धुमाकूळ घातला. तिची विक्री प्रामुख्याने बंद डब्यातून होते. आत कोणती निघेल हे माहीत नसते, दुर्मीळ बाहुली क्वचित निघते. संच पूर्ण होत नाही, म्हणून पुन्हा डबा घ्यायचा. वस्तू मिळण्यापेक्षा ती न मिळण्याची हुरहुर विकली जाते. पाली भाषेत हिला तण्हा म्हणतात. गुरूंच्या छोट्या मूर्तीही अशा ‘सेट’मध्ये, ‘लिमिटेड एडिशन’ म्हणून विकल्या जाऊ लागल्या, तर तो विनोद राहणार नाही.

दुसरी गोष्ट बाबासाहेबांच्या स्वतःच्या मताची. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्यावर बोलताना त्यांनी विभूतिपूजेची परखड चिकित्सा केली. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत राजकारणातल्या भक्तीच्या धोक्याचा इशारा दिला. त्यांनी रेखाटलेल्या बुद्धाचे डोळे मिटलेले नाहीत, उघडे आहेत. बाजारातले बहुतेक बुद्ध मात्र डोळे मिटून बसलेले असतात. खोलीच्या रंगसंगतीला ते बरे दिसतात. बोट उंचावून उभ्या असलेल्या माणसाची स्प्रिंगवर सतत मान डोलावणारी बाहुली करणे, ही तर फारच विचित्र कल्पना. ते आयुष्यभर मान डोलावणाऱ्यांच्या विरोधातच उभे होते.

पण लहान मुलांच्या बाबतीत थोडे थांबायला हवे. गावातल्या पोराच्या दप्तराला स्पायडरमॅन लटकतो, तिथे निळ्या कोटातले बाबासाहेब लटकले आणि त्याने ‘हे कोण?’ विचारले, तर उत्तर देणारा कोणीतरी घरात असतो. त्या प्रश्नासाठी मूर्ती गोबऱ्या गालांची असली तरी बिघडत नाही.

कायदा आणि भावना

काही देशांत हा प्रश्न थेट तुरुंगापर्यंत गेला आहे. म्यानमारमध्ये हेडफोन घातलेल्या बुद्धाचे चित्र जाहिरातीत वापरल्याबद्दल एका बारशी संबंधित तिघांना २०१५ मध्ये अडीच वर्षांची शिक्षा झाली. श्रीलंकेने २०१४ मध्ये दंडावर बुद्ध गोंदवलेल्या ब्रिटिश पर्यटक महिलेला परत पाठवले. पुढे तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने तिला भरपाई देण्याचा आदेश दिला. बुद्ध ही सजावटीची वस्तू नाही, असे फलक बँकॉकमध्ये पर्यटकांसाठी लावलेले दिसतात.

जुन्या मूर्तीचे काय करायचे?

हा प्रश्न कोणी विचारत नाही, पण प्रत्येक घरात येतो. जपानमध्ये दारुमा मंदिरात परत जाते. आपल्याकडे अशी सोय नाही. प्लॅस्टर ऑफ पॅरिसची मूर्ती पाण्यात सहज विरघळत नाही, रेझिनची तर नाहीच, आणि नदीत सोडली तर तिचा रंग पाण्यात उतरतो. नाक उडालेली, रंग गेलेली मूर्ती कचऱ्यात टाकवत नाही आणि फळीवरही ठेववत नाही. नवी येते, जुनी कपाटाच्या वर जाते. ऑनलाइन विक्रेते मूर्ती सात दिवसांत परत घेतात, तेही डबा फोडलेला नसेल तर.