‘ब्रूस्टर’ : एक स्त्रीलिंगी प्रत्यय आणि एक स्त्री-व्यवसाय

इंग्रजी भाषेतील ‘ब्रूअर’ व ‘ब्रूस्टर’ हे दोन शब्द एकाच क्रियापदापासून सिद्ध झालेले आहेत. धान्य आंबवून मद्य तयार करणारा तो ब्रूअर आणि तयार करणारी ती ब्रूस्टर, असा त्यांचा मूळ भेद. आज पहिला शब्द रूढ आहे; दुसरा मुख्यत्वे आडनाव म्हणून उरला आहे. शब्दांच्या या दैवगतीवरून व्यवसायाचा इतिहास कितपत वाचता येतो, हा भाषाभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न होय.

प्राचीन इंग्रजीत ‘-एस्त्रे’ हा कर्तृवाचक स्त्रीलिंगी प्रत्यय होता. डच भाषेत त्याचा सगोत्र ‘-स्टर’ हा प्रत्यय आजही स्त्रीवाचक आहे. मराठीतील ‘-ईण’ या प्रत्ययाशी त्याची तुलना उद्‌बोधक ठरेल. ‘तेलीण’ म्हणजे तेल्याची बायको की स्वतः तेलाचा धंदा करणारी स्त्री, हे केवळ शब्दावरून सांगता येत नाही. याउलट ‘ब्रूस्टर’ हा शब्द थेट क्रियेपासून बनलेला असल्याने तो पतीच्या नव्हे, तर स्त्रीच्या स्वतःच्या कामाचा निर्देश करतो.

हे काम कोणते, ते आता पाहू. मध्ययुगीन इंग्लंडचे नित्याचे पेय ‘एल’ हे होते. धान्याला मोड आणून, ते वाळवून, भरडून, गरम पाण्यात भिजवीत आणि निघालेला रस किण्वाने आंबवीत. हे पेय काही दिवसांतच आंबून जाई. त्यामुळे ते थोडे थोडे व वारंवार करावे लागे, आणि घरची गरज भागून उरलेले शेजाऱ्यांना विकणे हेच सोयीचे ठरे. भांडवल थोडे, साधने स्वयंपाकघरातली आणि काम घरकामात बसणारे. म्हणून ते प्रामुख्याने स्त्रियांच्या हाती राहिले. ज्यूडिथ बेनेट यांनी १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात याचा साधार इतिहास मांडला आहे. नॉर्थँप्टनशर परगण्यातील ब्रिगस्टॉक या गावी १३४८ च्या महामारीपूर्वी सुमारे एकतृतीयांश स्त्रिया कधी ना कधी विक्रीसाठी एल करीत, असे त्यांना आढळून आले.

इतका तपशील मिळतो तो एका कायद्यामुळे. १२६६-६७ च्या सुमारास पाव व एल यांच्या किमती धान्याच्या भावाशी जोडणारा नियम अमलात आला, आणि त्याखाली दंड भरणाऱ्यांची नावे स्थानिक न्यायसभांच्या दप्तरांत नोंदली जाऊ लागली. दप्तराची भाषा लॅटिन; तीत अशा स्त्रीस ‘ब्रासियाट्रिक्स’ हे स्त्रीलिंगी पद योजिलेले आढळते. परंतु येथे सावधगिरी बाळगणे अवश्य आहे. कित्येक ठिकाणी एल केली पत्नीने, पण नोंद मात्र कुटुंबप्रमुख या नात्याने पतीच्या नावे झाली. अर्थात, दप्तरातील पुल्लिंगी नाव हे पुरुषाच्या श्रमाचा पुरावा असतेच असे नाही.

ही स्थिती पालटण्यास जी कारणे झाली, त्यांत ‘हॉप’ नामक वनस्पतीच्या फुलांचे स्थान मोठे आहे. हॉप घातलेली बीअर चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात नेदरलंड्‌स भागातून इंग्लंडमध्ये येऊ लागली. हॉपमुळे पेय दीर्घकाळ टिकते. टिकते म्हणून ते साठविता येते, दूरवर पाठविता येते, सैन्याला पुरविता येते. रेजिनल्ड स्कॉट याने १५७४ साली दिलेल्या हिशेबानुसार एक बुशेल माल्टपासून एल आठ-नऊ गॅलनच होई, तर बीअर अठरा ते वीस गॅलन. तथापि हा नफा पदरात पाडून घेण्यास मोठ्या कढया, साठवणाची जागा, नोकर आणि उधारीचे भांडवल लागे. विवाहित स्त्रीला इंग्लंडच्या विधीप्रमाणे स्वतःच्या नावे करार करणे वा कर्ज उभारणे सामान्यतः शक्य नव्हते. अविवाहित व विधवा स्त्रियांपाशी भांडवल क्वचितच असे. जे काम गरिबीत स्त्रियांना साधले, तेच किफायतशीर होताच त्यांच्या आवाक्याबाहेर गेले.

लंडनमधील एल करणाऱ्यांच्या श्रेणीत पंधराव्या शतकाच्या आरंभी सुमारे एकतृतीयांश सभासद स्त्रिया होत्या. परंतु श्रेणीचा कारभार पुरुषांच्याच हाती होता. याच श्रेणीने १४२२ च्या सुमारास आपली दप्तरे इंग्रजीत ठेवण्याचा ठराव केला, ही गोष्टही भाषेतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. एल विकणाऱ्या स्त्रीविषयी अविश्वासही वाढत गेला. चौदाव्या शतकातील ‘पिअर्स प्लाउमन’ या काव्यात चर्चच्या वाटेवरील खादाडाला भुलवून नेणारी बेटन ही ब्रूस्टरच आहे. आणि चेस्टर नगराने १५४० साली चौदा ते चाळीस वर्षे वयाच्या स्त्रियांना मद्यगृह चालविण्यास मनाई केली.

मग स्त्रिया व्यवसायातून गेल्या म्हणून प्रत्ययाचे स्त्रीत्व गेले, असे म्हणावे काय? हा निष्कर्ष आकर्षक असला तरी ग्राह्य नाही. भाजणाऱ्या व्यक्तीसाठी असलेला ‘बॅकेस्त्रे’ हा शब्द प्राचीन इंग्रजीतच पुरुषांनाही लावला जाई, आणि उत्तर इंग्लंडमध्ये हा प्रत्यय पुढे उभयलिंगी झाला. ‘-स्टर’ मधील स्त्रीत्वाची जाणीव इतकी क्षीण झाली, की ‘सीमस्ट्रेस’ या शब्दात त्यावर फ्रेंच मूळचा दुसरा स्त्रीप्रत्यय चढवावा लागला. स्त्रीवाचक राहिला तो ‘स्पिन्स्टर’; पण सूत कातणारी हा त्याचा अर्थ लोपून सतराव्या शतकापासून तो अविवाहित स्त्रीचे विधिविषयक अभिधान बनला. प्रत्ययाचा ऱ्हास आणि व्यवसायातील परिवर्तन हे दोन स्वतंत्र प्रवाह आहेत. ते एकाच शब्दात भेटले, इतकेच.

त्याचप्रमाणे, चेटकिणीची टोकदार टोपी, मांजर व झाडू ही चिन्हे एल विकणाऱ्या स्त्रियांवरूनच आली, हे अलीकडे लोकप्रिय झालेले मतही समकालीन पुराव्याने सिद्ध होत नाही. स्त्रियांच्या विस्मृत श्रमाला न्याय देण्यासाठी अशा कल्पितांची गरज नाही. ‘ब्रूस्टर’ हा शब्द एवढेच निःसंदिग्धपणे सांगतो, की हे काम करणाऱ्या स्त्रिया स्वतंत्र नाव पडण्याइतक्या सर्वपरिचित होत्या. त्या किती होत्या, कोठे होत्या आणि का गेल्या, याचे उत्तर शब्दकोशात नव्हे, दंडाच्या नोंदींत शोधावे लागते. शब्द प्रश्न उपस्थित करतो. साक्ष दप्तरे देतात, आणि तीही कोणाच्या नावे लिहिली गेली हे पारखूनच घ्यावी लागते.