रंगाची गोळी आणि नळीचा आवाज

जबलपूरच्या बडा फुहाऱ्यावर संध्याकाळी उभं राहिलं की शेजारच्या माणसाशीही आवाज चढवूनच बोलावं लागतं. ई-रिक्षांचे भोंगे, दुकानदारांच्या हाका, दुचाक्यांची घरघर. बाजारपेठेसाठी सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी दिवसाची मर्यादा ६५ डेसिबल ठेवली आहे, रात्रीची ५५. अशा गजबजाटात पेंटबॉलच्या मार्करचा, म्हणजे रंगाच्या गोळ्या झाडणाऱ्या बंदुकीचा, ‘फट्’ असा आवाज चार दुकानांपलीकडेही कुणाच्या लक्षात येणार नाही. तोच आवाज बरगी धरणाच्या बाजूला, दुपारी वारा पडलेल्या मोकळ्या माळावर निघाला तर लांबवर ऐकू जाईल. आवाज तोच, पण भोवतालची शांतता बदलली की त्याचं वजन बदलतं. मार्करला कमी आवाजाची नळी बसवण्यासाठी जास्तीचे पैसे मोजावेत का, या प्रश्नाचा विचार इथूनच सुरू व्हायला हवा. माझ्या मते बहुतेक खेळाडूंनी ते मोजू नयेत.

आधी हा आवाज येतो कुठून ते पाहू. पेंटबॉलची गोळी ०.६८ इंच व्यासाची, म्हणजे साधारण १७ मिलिमीटरची असते. वजन सुमारे ३ ग्रॅम, वरून जिलेटिनचं पातळ कवच आणि आत रंग. ती दाबलेल्या हवेनं ढकलली जाते आणि मैदानावर तिचा वेग सेकंदाला ३०० फुटांच्या, म्हणजे ९१ मीटरच्या आत ठेवतात. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. रायफलची गोळी ध्वनीपेक्षा वेगानं जाते, म्हणून ती हवेत स्वतःचा कडकडाट करत जाते आणि नळीवर काहीही बसवलं तरी तो थांबत नाही. पेंटबॉलचं तसं नाही. गोळी जवळजवळ मुकी असते. जो आवाज होतो तो दोनच जागी होतो. गोळी बाहेर पडल्यावर तिच्यामागची उरलेली दाबाची हवा नळीच्या तोंडातून एकदम सुटते, ही एक जागा. मार्करच्या पोटातला बोल्ट पुढेमागे आपटतो, ही दुसरी.

कमी आवाजाची नळी यातल्या पहिल्या जागेवर काम करते. नळीच्या पुढच्या भागात बारीक भोकं पाडलेली असतात. साधारण २० सेंटिमीटरपर्यंत नळी सलग असते, तिथेच गोळीला लागणारा बहुतेक वेग मिळून जातो. पुढे भोकांचा भाग आला की मागची हवा एकदम न सुटता बाजूंनी थोडीथोडी निसटते, आणि ‘फट्’चा ‘फुस्’ होतो. ही युक्ती खरी आहे, त्यात विक्रेत्याची थाप नाही. पण ती फुकटही मिळत नाही. भोकांमधून हवा गळू लागली की गोळीला पुढे ढकलणारा जोर संपतो, त्यामुळे तोच वेग ठेवायला सिलिंडरमधली हवा जास्त खर्च होते. आणि एखादी गोळी नळीतच फुटली तर चिकट रंग त्या डझनावारी भोकांत जाऊन बसतो. सलग नळीत कापडाचा बोळा एकदा फिरवला की काम भागतं. भोकांच्या नळीत आतल्या कडांना रंगाची साय धरते आणि पुढची गोळी तिला घासून वाकडी जाते. पावसाळ्यात हे जास्त होतं, कारण दमट हवेत जिलेटिन ओलावा धरतं, गोळी फुगते, मऊ पडते आणि नळीत फुटण्याचं प्रमाण वाढतं.

शिवाय दुसऱ्या जागेचं काय? भाड्यानं मिळणारे मार्कर बहुतेक ‘टिपमन ९८’ या मॉडेलच्या धर्तीचे असतात. त्यात झाडलेल्या हवेच्याच धक्क्यानं आतला जड हातोडा मागे येतो आणि पुन्हा पुढे जातो. ती खडखड नळीच्या मागे होते, नळीची भोकं तिला हातही लावू शकत नाहीत. उलट महागड्या इलेक्ट्रॉनिक मार्करमध्ये कमी दाबावर सरकणारा हलका बोल्ट असतो, आणि ते साध्या नळीनंही तुलनेनं शांत वाजतात. म्हणजे आवाजाचा निकाल बराचसा यंत्राच्या पोटातच लागलेला असतो. खडखडणाऱ्या यंत्राला मऊ तोंड बसवण्यात अर्थ नाही.

आता शांत नळीच्या बाजूचा सगळ्यात बळकट मुद्दा घेऊ. गोळी ध्वनीपेक्षा हळू जाते, म्हणून आवाज समोरच्याकडे गोळीच्या आधी पोहोचतो आणि त्याला सावध करतो. आवाज कमी केला तर तो सावध होणार नाही. हा युक्तिवाद चुकीचा नाही, पण हिशेब मांडला की तो फार लहान होतो. १० मीटरवर गोळीला जायला सेकंदाचा साधारण आठवा भाग लागतो. आवाज तिच्या जेमतेम एक दशांश सेकंद आधी पोहोचतो. माणसाला आवाज ऐकून हालचाल सुरू करायलाच त्यापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणजे जवळच्या माऱ्यात समोरच्यानं आवाज ऐकला काय, न ऐकला काय, गोळी लागायची ती लागतेच. ३० मीटरवर चित्र बदलतं. हवेच्या अडथळ्यानं गोळी मंदावते, तिला जवळपास अर्धा सेकंद लागतो, आवाजाला एक दशांश सेकंदाहून कमी. इथे डोकं खाली घ्यायला खरोखर सवड मिळते. पण एवढ्या अंतरावर गोळी सुमारे एक मीटर खाली आलेली असते आणि तिचा नेमही भरवशाचा राहत नाही. आवाज जिथे महत्त्वाचा ठरतो तिथे नेम कच्चा, आणि नेम पक्का असतो तिथे आवाजाला महत्त्व नाही. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यासाठीच आपण पैसे मोजत असतो.

झाडीत लपून एकट्यानं खेळणारा म्हणेल, मला तो पट्टाच हवा आहे. पहिल्या गोळीनंतर मी कुठे आहे हे कळता कामा नये. त्याचं म्हणणं मला पटतं, पण त्यानं आधी आपल्या इतर आवाजांची झडती घ्यावी. मार्करच्या डोक्यावरच्या हॉपरमध्ये अर्ध्यावर आलेल्या गोळ्या चालताना डब्यातल्या शेंगदाण्यांसारख्या खुळखुळतात. बॅटरीवर चालणारा हॉपर असेल तर त्याची मोटर गुणगुणते. आणि जबलपूरच्या आसपासचं रान सागाचं आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी सागाची पानं गळून जमिनीवर पापडासारखी वाळलेली असतात, त्यावर पडलेलं एक पाऊल कुठल्याही नळीपेक्षा आधी चुगली करतं. या खेळाचा इतिहासही हेच सांगतो. मार्कर हे मुळात खेळाचं साधन नव्हतंच. अमेरिकेत वनखात्याची माणसं झाडांवर आणि पशुपालक गुरांवर लांबून रंगाची खूण करायला ते वापरत. २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हेनिकर गावी बारा जणांनी याच कामाच्या ‘नेल्स्पॉट’ नावाच्या पिस्तुलांनी पहिला डाव खेळला. जिंकला तो रिची व्हाइट नावाचा, वनात काम करणारा माणूस, आणि जिंकताना त्यानं एकही गोळी झाडली नाही. रानात कसं चालायचं हे त्याला माहीत होतं.

एका ठिकाणी मात्र शांतपणाची मागणी मनापासून मानायला हवी, ती म्हणजे मैदानाच्या शेजाऱ्यांची. निवासी भागाला नियमांनी दिवसा ५५ डेसिबलच दिले आहेत, आणि सुट्टीच्या दुपारी शंभर-शंभर गोळ्यांची फटफट ऐकत बसायची सक्ती कुणावरही नको. पण हे काम एकेका खेळाडूच्या नळीचं नाही, मैदानाच्या मालकाचं आहे. मोकळ्यावर अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलनं उतरतो. खेळाची हद्द घरांपासून ५० मीटरवरून १०० मीटरवर नेली तर सगळ्या मार्करांचा आवाज एकदम उतरतो, आणि पावसाळ्यात भोकांमधला रंगही काढत बसावा लागत नाही.

शेवटची गोष्ट कायद्याची, आणि जबलपूरमध्ये ती स्पष्ट सांगायलाच हवी. १९०४ पासून गन कॅरेज फॅक्टरी या शहरात आहे, ‘धनुष’ तोफ इथेच बनते, लेथवर लोखंडाला हवा तो आकार देणारे हात इथे चांगले आहेत. त्यामुळे नळीच्या तोंडावर बसवायचा डबा, म्हणजे सायलेन्सर, गल्लीतल्या कारखान्यातून करून घ्यावा असा विचार कुणाच्याही मनात येऊ शकतो. तो करू नये. १९५९ च्या शस्त्र कायद्यातली अग्निशस्त्राची व्याख्या फक्त दारूवर चालणाऱ्या हत्यारांपुरती नाही. ‘इतर प्रकारच्या ऊर्जे’नं गोळी फेकणारं साधनही तिच्यात येतं. आणि आवाज किंवा ज्वाळा कमी करणारी जोडणी ही त्या व्याख्येत स्वतःच अग्निशस्त्र म्हणून धरली आहे. ज्या कलमात तोफगाड्यांचा उल्लेख आहे, त्याच कलमात. खेळासाठी बनवलेल्या नळीची कारखान्यातूनच आलेली भोकं आणि काढघाल करता येणारा सायलेन्सर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दुसरीच्या वाटेला जाऊन खेळाडूला मिळणार काय, तर थोडी कमी फटफट. त्यासाठी पोलीस ठाण्याची पायरी चढणं परवडणारं नाही. घरी ड्रिलनं भोकं पाडणं हाही तसाच मूर्खपणा आहे; आतल्या बाजूला उरलेली धातूची कुसळं गोळीचं कवच चिरतात आणि नळी कायमची बिघडते.

तेव्हा, मार्करबरोबर भोकांची नळी आलीच असेल तर ती खुशाल वापरा, फक्त प्रत्येक डावानंतर धुवा. वेगळे पैसे खर्च करायचे असतील तर आधी वाफ न धरणाऱ्या दुहेरी काचेच्या, डोळे आणि कान झाकणाऱ्या मुखवट्यावर करा. मग गोळीच्या व्यासाला जुळणाऱ्या साध्या सलग नळीवर करा, कारण नेम तिथे सुधारतो. त्यानंतरही पैसे उरले तर कमी आवाजाच्या नळीचा विचार करायला हरकत नाही. आणि खेळ संपला, मैदानाबाहेर पाऊल टाकलं, की नळीच्या तोंडावर कापडी टोपी चढवायला विसरू नका.