जुने वाहन, चासी नंबर आणि मालकी हक्क

समजा, तुम्ही १९७२ सालची जावा मोटारसायकल विकत घेतली. फ्रेमला ताजा रंग आहे, टाकीवर नवे क्रोम आहे, पण आरसी बुकाची फक्त झेरॉक्स आहे. "मूळ पुस्तक हरवलंय. एवढ्या जुन्या गाडीचं कोण विचारतंय?" असे विक्रेता म्हणतो. तुम्ही पैसे मोजता. पुढे नावावर करताना कळते की फ्रेमवरचा नंबर चोरीच्या एका जुन्या तक्रारीत आहे. आता गाडी कोणाची?

मूळ मालकाची. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम २७ चा गाभा असा की विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे, त्याहून चांगला हक्क घेणाऱ्याला मिळत नाही. चोराचा हक्क शून्य. गाडी मधे पाच जणांच्या हातून गेली तरी पुढे शून्यच सरकते. या कलमाला अपवाद आहेत, पण साधी चोरी त्यांत बसत नाही.

"कोण विचारतंय" हे वाक्य तर फारच फसवे. मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुच्छेद ६८ प्रमाणे चोरीला गेलेली वस्तू परत मागण्याच्या दाव्याची मुदत ३ वर्षे आहे. मात्र ती चोरीच्या दिवसापासून मोजत नाहीत. वस्तू कोणाकडे आहे हे मालकाला प्रथम कळते, तेव्हापासून मोजतात. म्हणजे १९८५ साली चोरलेल्या गाडीची मुदत आजही सुरू झालेली नसू शकते.

तुमचे पैसे विक्रेत्याकडून मागता येतात, कारण कलम १४ नुसार विकण्याचा हक्क असणे ही विक्रीची गर्भित अट आहे. रोलंड विरुद्ध डिव्हॉल (१९२३) या इंग्लंडमधील खटल्यात चोरीची मोटार काही महिने वापरली गेली होती, तरी खरेदीदाराला पूर्ण ३३४ पौंड परत मिळाले. अर्थात, त्यासाठी विक्रेता सापडायला हवा! शिवाय माल चोरीचा आहे असे मानण्यास कारण असूनही तो अप्रामाणिकपणे घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बाजारभावाच्या निम्म्या किमतीत आणि कागदाविना घेतलेली गाडी तुमच्याविरुद्धच बोलते.

आता आपल्या विषयाकडे, म्हणजे धातूकडे. पोलादावर नंबर ठोकला की खाच तर पडतेच, पण खाचेखालचे कणही दाबले जातात आणि तिथे डिसलोकेशनची घनता वाढते. हा ताणलेला थर खाचेच्या तळापेक्षा खोल जातो. कानशीने अंक सपाट केले तरी तो खाली शिल्लक राहतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तो भाग आरशासारखा घासून त्यावर फ्रायचे द्रावण (हायड्रोक्लोरिक आम्ल व क्युप्रिक क्लोराइड) लावतात. ताणलेला धातू वेगळ्या वेगाने झिजतो आणि पुसलेला अंक पुन्हा उमटतो. फार खोल घासले असेल किंवा वेल्डिंगच्या उष्णतेने कणरचना पुन्हा घडली असेल, तर काही दिसत नाही. इंजिनच्या ॲल्युमिनियम केसिंगला वेगळे द्रावण लागते. हा प्रयोग स्वतः करू नका. तो पुरावा असतो.

तुम्ही करायचे ते सोपे आहे. रंगाचा थर जाड असेल तर विक्रेत्याला विचारून तो काढायला लावा. नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि तो ठसा त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीच्या ठशाशी ताडून पाहा. अंकांची उंची आणि वळण जुळते का? ओळ सरळ आहे का? आसपास एकाच दिशेच्या कानशीच्या रेघा किंवा वेल्डिंगचा कड दिसतो का? जुन्या गाडीत इंजिन प्रामाणिकपणेही बदललेले असते, पण तो बदल आरसीवर नोंदलेला हवा.

५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाडीसाठी २०२१ च्या नियमांनुसार 'व्हीए' मालिकेची नोंदणी मिळते. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. मात्र मालकीची कागदपत्रे तिथेही दाखवावी लागतात. म्हणून पैसे देण्याआधी विक्रेत्याला घेऊन ज्या आरटीओत गाडी नोंदलेली आहे तिथे जा, नोंदीतले दोन्ही नंबर तुमच्या पेन्सिलच्या ठशाशी जुळवा आणि पैसे बँकेतून, त्याच नोंदीतल्या नावाच्या खात्यात भरा.