स्प्रॉकेट गुणोत्तर, मोटारसायकलीचे

साखळीने चालणाऱ्या मोटारसायकलीत गिअरपेटीच्या बाहेर येणाऱ्या दंडावरील लहान दातेरी चाक आणि मागील चाकाला जोडलेले मोठे दातेरी चाक यांच्या दात्यांच्या संख्यांचे गुणोत्तर. अशा दातेरी चाकाला स्प्रॉकेट म्हणतात. मागील स्प्रॉकेटच्या दात्यांना पुढील स्प्रॉकेटच्या दात्यांनी भागले असता हे गुणोत्तर मिळते. उदा., पुढे १७ व मागे ३८ दाते असल्यास ते २.२३५ येते, म्हणजे मागील चाकाच्या एका फेऱ्यासाठी पुढील स्प्रॉकेटला सव्वादोनच्या आसपास फेरे घ्यावे लागतात. गिअरपेटी न उघडता केवळ ही दोन चाके बदलून मोटारसायकलीचा स्वभाव पालटता येतो. त्यामुळे शर्यतीत आणि कमाल वेगाच्या चाचण्यांत या निवडीला मोठे महत्त्व आहे. पुढील स्प्रॉकेट मोठे किंवा मागील लहान केले की गुणोत्तर ‘उंच’ झाले असे म्हणतात, उलट केल्यास ते ‘ठेंगणे’ होते.

एंजिनाचा भुजादंड आणि मागील चाक यांच्यामध्ये वेग तीन टप्प्यांत कमी होतो : भुजादंडाकडून क्लचकडे जाताना (प्राथमिक गुणोत्तर), गिअरपेटीत आणि शेवटी साखळीवर. तिन्ही गुणोत्तरांचा गुणाकार म्हणजे एकूण गुणोत्तर. मिनिटाला होणारे एंजिनाचे फेरे एकूण गुणोत्तराने भागून मागील टायरच्या परिघाने गुणले की एका मिनिटात कापलेले अंतर मिळते, त्यावरून ताशी वेग काढता येतो. समजा, एका मोटारसायकलीचे प्राथमिक गुणोत्तर २, सर्वांत वरच्या गिअरचे १, टायरचा परिघ २ मी. आणि एंजिनाची कमाल शक्ती मिनिटाला ७,००० फेऱ्यांवर ४८ अश्वशक्ती आहे. पुढे १७ व मागे ३८ दाते असताना एकूण गुणोत्तर ४.४७ होते आणि ७,००० फेऱ्यांना ताशी १८७.९ किमी. वेग येतो. पुढे एक दाता वाढविला (१८) तर हाच आकडा १९८.९ आणि एक कमी केला (१६) तर १७६.८ होतो. मागे एक दाता कमी केला (३७) तर तो १९३ येतो. म्हणजे पुढील एका दात्याचा परिणाम मागील दोन दात्यांहून थोडा अधिक आहे. म्हणूनच मोठा बदल पुढे व बारीक जुळणी मागे, अशी कार्यशाळांतील रीत आहे.

येथवरचे गणित सोपे आहे आणि नेमके येथेच बहुतेकांची फसगत होते. वरील आकडे म्हणजे त्या फेऱ्यांना चाकाचा वेग किती *असेल* एवढेच सांगतात, एंजिन त्या फेऱ्यांपर्यंत पोचेल की नाही हे सांगत नाहीत. स्प्रॉकेट शक्ती निर्माण करीत नाही. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्याविरुद्ध लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे वेग १० टक्क्यांनी वाढवायचा झाल्यास सु. ३३ टक्के अधिक शक्ती लागते. वरील मोटारसायकलीला ताशी १८० किमी. वेगासाठी ४८ अश्वशक्ती लागत असेल, तर ताशी १९८ किमी.साठी सु. ६४ अश्वशक्ती हवी आणि ती या एंजिनात नाही. पुढे १८ दात्यांचे स्प्रॉकेट बसविले, तर ताशी १८० किमी. वेगाला एंजिन फक्त ६,३३३ फेऱ्यांवर असेल. तेथे त्याची शक्ती कमाल शक्तीपेक्षा कमी असल्याने हा वेगही टिकणार नाही आणि गाडी काही किलोमीटर खालीच अडखळेल. याउलट १६ दात्यांचे स्प्रॉकेट लावल्यास १८० ला एंजिन ७,१२५ फेऱ्यांवर, म्हणजे कमाल शक्तीच्या किंचित पुढे राहते. कागदावर सर्वांत ‘मंद’ दिसणारी ही जुळणी प्रत्यक्षात सर्वांत वेगवान ठरते.

कमाल वेगासाठी निवडीचे तत्त्व यावरून स्पष्ट होते. मिळणारी शक्ती आणि लागणारी शक्ती यांचे वक्र जेथे एकमेकांस छेदतात, तो छेद एंजिनाच्या कमाल शक्तीच्या फेऱ्यांवर पडला पाहिजे. भारतात बुलेटचे अनेक मालक पुढील स्प्रॉकेट एका दात्याने मोठे बसवितात. त्याने महामार्गावर एंजिन कमी फेऱ्यांवर शांतपणे चालते, पण कमाल वेग वाढतोच असे नाही. कारखान्यांतून येणाऱ्या अनेक मोटारसायकलींत सर्वांत वरचा गिअर इंधनबचतीसाठी मुद्दाम उंच ठेवलेला असतो आणि त्यांचा खरा कमाल वेग त्याच्या खालच्या गिअरमध्ये मिळतो.

छेदबिंदू नेमका शिखरावर साधणे दुर्मीळच. तेव्हा चूक कोणत्या बाजूला व्हावी, हा प्रश्न उरतो. गुणोत्तर जरा ठेंगणे ठेवले तर थोड्याशा उलट वाऱ्यात किंवा चढावर एंजिन दबत नाही. मात्र अनुकूल वारा मिळताच फेरे मर्यादेपलीकडे जातात. फेरे वाढले की दट्ट्या व संयोगदांडा यांवरील जडत्वजन्य ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, झडपांच्या स्प्रिंगा झडपा वेळेवर मिटवू शकत नाहीत आणि झडप दट्ट्यावर आपटण्याचा धोका असतो. ताशी २०० किमी. वेगात एंजिन जाम होऊन मागील चाक अडकले, तर चालकाच्या हाती फारसे काही उरत नाही. म्हणून निवड करताना कमाल शक्तीच्या फेऱ्यांबरोबरच एंजिनाच्या सुरक्षित मर्यादेचे फेरेही समोर ठेवतात आणि दोहोंतील अंतर कमी असेल तर गुणोत्तर किंचित उंचच पसंत करतात. जुन्या दोन-धावी एंजिनांत शिखरानंतर शक्ती एकदम कोसळते, त्यामुळे त्यांत चुकीला वाव कमी. चार-धावी एंजिनांचा वक्र बहुधा अधिक सपाट असतो व एखाददुसरा दाता इकडेतिकडे झाला तरी ती सांभाळून घेतात.

या तत्त्वांची कसोटी अमेरिकेतील यूटा राज्यातल्या बॉनव्हिल येथील मिठाच्या सपाट मैदानावर लागते. न्यूझीलंडमधील इन्व्हरकार्गिल येथील बर्ट मन्रो यांनी आपली १९२० सालची इंडियन स्काउट मोटारसायकल वर्षानुवर्षे सुधारीत नेऊन १९६७ साली तेथे १,००० घ. सेंमी.खालील गटात ताशी १८३.५९ मैल (सु. २९५ किमी.) वेगाचा विक्रम केला. मूळ नोंदीतील गणिताची चूक २०१४ साली दुरुस्त होऊन तो ताशी १८४.०८७ मैल असा नोंदला गेला. बॉनव्हिल समुद्रसपाटीपासून सु. १,२८५ मी. उंचीवर आहे आणि ऑगस्टमधील उकाड्यात तेथील हवेची घनता समुद्रसपाटीवरील प्रमाण हवेच्या सु. ८० टक्केच भरते. साध्या, म्हणजे दाबाने हवा न भरलेल्या, एंजिनाची शक्ती त्याच प्रमाणात घटते. म्हणून तेथे गुणोत्तर बरेच ठेंगणे करावे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु विरळ हवेने गाडीवरील रोधही तितकाच कमी होतो आणि केवळ हवेचा विचार केला तर दोन्ही परिणाम एकमेकांना जवळजवळ खोडून काढतात. खोडला न जाणारा भाग मिठाचा आहे. ओलसर मिठावर चाक लोटण्यास लागणारा जोर पक्क्या रस्त्यापेक्षा अधिक असतो आणि हवा विरळ झाली म्हणून तो कमी होत नाही. घटलेल्या शक्तीतून त्याचा वाटा मात्र पूर्ण द्यावा लागतो. त्यामुळे छेदबिंदू डांबरी पट्टीवरच्यापेक्षा खाली सरकतो.

दुसरी अडचण मागील चाकाच्या घसरणीची. मिठावर चाकाची पकड कमी असल्याने मागील चाक जमिनीच्या वेगापेक्षा जलद फिरते. वरच्या उदाहरणात १७/३८ जुळणीवर फेरेमापक ७,००० दाखवीत असता वेळमापनाच्या चिठ्ठीवर ताशी १७४ किमी. उमटले, तर सु. ७.४ टक्के घसरण झाली असे समजावे. एंजिन शिखरावर असूनही वेग कमी, अशा वेळी गुणोत्तर बदलून उपयोग नसतो. टायर, वजनाची वाटणी किंवा थ्रॉटलची हाताळणी बदलावी लागते. आधुनिक यंत्रांत पुढील व मागील चाकांचे वेग स्वतंत्रपणे नोंदले जातात, त्यामुळे ही वजाबाकी अधिक खात्रीने करता येते.

आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाच्या नियमांनुसार जागतिक विक्रमासाठी एकाच पट्टीवर दोन्ही दिशांनी दोन तासांच्या आत धाव घ्यावी लागते आणि दोहोंची सरासरी धरली जाते. एका दिशेला पाठीशी असलेला वारा परतीच्या धावेत समोरून येतो. सरासरी टिकविणारी जुळणी ही त्यामुळे कोणत्याही एका धावेतील सर्वोत्तम जुळणी नसते. पट्टीची लांबीही हिशेबात घ्यावी लागते. गुणोत्तर उंच असेल तितका वेग धरण्यास वेळ व अंतर अधिक लागते आणि मापनाच्या टप्प्यात शिरतानाही गाडी वेग वाढवीतच असेल, तर उत्तम जुळणी वाया जाते. बॉनव्हिलचा मिठाचा थर पातळ होत गेल्याने हा प्रश्न अधिक तीव्र झाला आहे. मैदानाच्या वाईट स्थितीमुळे तेथील वार्षिक वेगसप्ताह २०१४ व २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षे रद्द करावा लागला. अतिशय उंच गुणोत्तराच्या यंत्रांना थांबलेल्या स्थितीतून निघता येत नाही, तेव्हा दुसऱ्या वाहनाने त्यांना ढकलून काही वेग दिला जातो.

रोध कमी केला तर योग्य गुणोत्तरही बदलते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी रोली फ्री याने बॉनव्हिलला व्हिन्सेंट मोटारसायकलीवर पालथे आडवे होऊन, वाऱ्याने फाटलेला चामडी पोशाख उतरवून केवळ पोहण्याच्या चड्डीवर ताशी १५०.३१३ मैल (सु. २४२ किमी.) वेग गाठला. चालकाने बसण्याची ढब बदलली तरी छेदबिंदू सरकतो. याच कारणाने बंद आवरणाच्या यंत्रात एखादा सुधारलेला पत्रा बसविल्यावर जुने गुणोत्तर ठेंगणे पडू शकते. भारतात तयार होणाऱ्या रॉयल एनफील्डच्या काँटिनेंटल जीटी ६५० या प्रतिरूपात फेरफार करून केलेल्या यंत्राने २०१८ साली तेथे ताशी १५७.०५३ मैल (सु. २५३ किमी.) वेग नोंदविला.

प्रत्यक्ष कामात आधी टायरचा परिघ मोजतात. टायरवरील छापील मापांवरून काढलेला परिघ फसवा असतो, कारण भाराने टायर दबतो आणि अतिवेगात केंद्रोत्सारी प्रेरणेने थोडा फुगतो. म्हणून चालकाला बसवून, टायरवर व जमिनीवर खडूची खूण करून, चाकाच्या एका पूर्ण फेऱ्यात गाडी किती सरकते ते मोजावे. स्प्रॉकेट निवडताना पुढील चाकाचे दाते फार कमी करणे टाळतात. साखळी वर्तुळावर न बसता बहुभुजावर बसत असल्याने तिचा वेग प्रत्येक दात्यागणिक कमीजास्त होतो. हा चढउतार १७ दात्यांना सु. १.७ टक्के, तर १२ दात्यांना सु. ३.४ टक्के असतो. तेवढाच साखळीवरील धक्का व झीज वाढते. हेच गुणोत्तर मोठ्या स्प्रॉकेटांच्या जोडीने मिळत असेल, तर ती जोडी घ्यावी. उदा., १८/३८ आणि १७/३६ यांचे गुणोत्तर जवळजवळ सारखे असून पहिली जोडी साखळीला अधिक सोयीची आहे.

मागील स्प्रॉकेटचा एक दाता वाढविला की साखळीची लांबी अर्ध्या कडीइतकी अधिक लागते. १५.८७५ मिमी. अंतराच्या सामान्य साखळीत त्यासाठी मागील आस सु. ४ मिमी. पुढे घ्यावा लागतो. आस सरकल्याने दोन चाकांतील अंतर आणि साखळीचा ताण दोन्ही बदलतात, ते पुन्हा तपासावे लागतात. वेगमापकाला गती गिअरपेटीच्या बाहेरील दंडावरून मिळत असेल, तर स्प्रॉकेट बदलल्यावर तो खोटा वेग दाखवितो. पुढील चाकावरून मिळत असल्यास त्यात फरक पडत नाही.